बंद करण्याचे बटण कोणाचे?

विंडोच्या वरच्या पट्टीकडे मुद्दाम कोणी पाहत नाही. एका टोकाला दोन-तीन बटणे, मध्ये कुठेतरी फाइलचे नाव, भोवती पकडून ओढता येईल एवढी बारीक किनार, एवढाच तिचा संसार. डेस्कटॉपसाठी प्रोग्राम लिहिणे आणि लिहिलेले प्रोग्राम निरनिराळ्या लिनक्सवर नीट चालते ठेवणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांच्या डोक्याला मात्र ही पट्टी कायमचा ताप असते. तोच प्रोग्राम ग्नोम या डेस्कटॉपवर उघडला तर पट्टी त्याने स्वतः काढायची असते, केडीई प्लाझ्मावर ती आयती मिळते, आणि विंडो आपोआप शेजारी-शेजारी मांडणाऱ्या स्वेसारख्या टायलिंग वातावरणात बहुतेकांना ती नकोच असते. पट्टी प्रोग्रामने सांभाळावी की विंडो मॅनेजरने, यावर लिनक्सच्या जगात गेली दहा-बारा वर्षे भांडण चालू आहे आणि दोन्ही बाजूंना चांगले वकील आहेत. या कामात राहून माझे जे मत झाले ते आधीच सांगून टाकणे बरे. पट्टीतली जागा प्रोग्रामला द्यायला हरकत नाही. तिच्यावरची बटणे मात्र त्याच्या हातात देऊ नयेत, कारण ती प्रोग्रामच्या सोयीसाठी नसून प्रोग्रामवर वापरणाऱ्याचा ताबा राहावा म्हणून आहेत.

हा वाद लिनक्सवाल्यांनी काढलेला नाही. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये विंडोची चौकट काढणारा कोड डब्ल्यूडीईएफ नावाच्या वेगळ्या रिसोर्समध्ये ठेवलेला होता. बहुतेक प्रोग्राम सिस्टिममधला तयार डब्ल्यूडीईएफ वापरत. ज्याला निराळ्या आकाराची विंडो हवी असेल त्याला स्वतःचा लिहिण्याची मुभा होती. नव्वदच्या दशकात कॅलिडोस्कोप या प्रोग्रामने याच जागेचा फायदा घेऊन सगळ्या मॅकचे रूप पालटण्याची सोय केली, आणि आधीच्या प्रोग्रामांना त्यासाठी हात लावावा लागला नाही. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली आणि १९८७ मध्ये अकराव्या आवृत्तीपर्यंत पोचलेली एक्स विंडो सिस्टिम याच्याही पुढे गेली. सर्व्हरने साधने पुरवावीत, धोरण ठरवू नये, हे तिचे तत्त्व. त्यामुळे चौकट काढणारा विंडो मॅनेजर हाही इतरांसारखाच एक प्रोग्राम ठरला. तो दुसऱ्याची विंडो उचलून आपल्या थोड्या मोठ्या विंडोत बसवतो आणि उरलेल्या कडांवर पट्टी, किनार, बटणे काढतो. आवडला नाही तर तो बंद करून दुसरा चालू करावा; आतला मजकूर, आतली कामे जिथल्या तिथे राहतात. दोघांनी एकमेकांशी काय बोलायचे तेही नियमावलीत ठरलेले होते. बंद करण्याचे बटण दाबले की मॅनेजर प्रोग्रामला मारून टाकत नाही, फक्त निरोप पाठवतो. मजकूर जतन करायचा का हे विचारणे प्रोग्रामकडे, आणि तो निरोप ऐकलाच नाही तर पुढे काय करायचे हे मॅनेजरकडे. चाळीस वर्षांपूर्वीच्या इतर अनेक गोष्टी एक्समध्ये आज अडगळ झाल्या आहेत. ही वाटणी त्यांतली नाही.

या वादात एक गोंधळ नेहमी होतो. चौकट कोण काढतो आणि चौकटीबद्दल कोण ठरवतो हे दोन प्रश्न एकच समजले जातात. विंडोजमध्ये चौकट रंगवण्याचा संदेश पूर्वीपासून प्रोग्रामकडेच येतो. प्रोग्राम तो न वाचता सिस्टिमच्या ठरलेल्या फंक्शनकडे सरकवतो, आणि ते फंक्शन प्रोग्रामच्याच प्रक्रियेत बसून पट्टी काढते. मॅकवरही विंडोची चौकट प्रोग्रामच्या पोटातली ॲपकिट ही लायब्ररीच काढते. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर दोन्हीकडे प्रोग्रामच चित्रकार होता. तरी भांडण झाले नाही, कारण लायब्ररी एकाच कंपनीची होती आणि सगळे प्रोग्राम तिच्यावरच बसलेले होते. पुढे २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाची स्वतंत्र प्रक्रिया चौकट काढू लागली. लोकांना पारदर्शक काच दिसली. रंगकाम एका प्रक्रियेतून दुसरीकडे गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. लिनक्समध्ये अशी एकच लायब्ररी कधीच नव्हती. जीटीके, क्यूट, एसडीएल, क्रोमियमचे स्वतःचे रंगकाम, वाइनमधून चालणारे विंडोजचे प्रोग्राम असा सगळा मेळा आहे. या मेळ्याला एकच नियम लावू शकणारी जागा एकच होती, विंडो मॅनेजर. ती काढून घेतली की नियम दुसरीकडे जात नाही, तो विरघळतो. विंडोज आणि मॅकची उदाहरणे देऊन ‘तिथे चालते मग इथे का नाही’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच आहे.

प्रोग्रामच्या बाजूचे म्हणणे मात्र हलके नव्हते. २००८ मध्ये क्रोम आला तो टॅब थेट पट्टीत घेऊन. ॲपलने २००९ च्या फेब्रुवारीत सफारी ४ च्या बीटामध्ये तसेच केले आणि जूनमधल्या पक्क्या आवृत्तीत टॅब पुन्हा खाली आणले. एवढ्या मोठ्या कंपनीलाही पट्टीत काय ठेवायचे हे चार महिन्यांत फिरवावे लागले. ग्नोमने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये ३.१० या आवृत्तीबरोबर हेडरबार आणला. टायटल बार, मेनू आणि टूलबार या तीन थरांच्या जागी एकच जाडसर पट्टी, तिच्यात प्रोग्रामची बटणे आणि त्यांच्या शेजारी विंडो बंद करण्याचे बटण. त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ चा असे. रुंदी भरपूर आणि उंचीची चणचण अशा पडद्यावर फाइलचे नाव सांगण्यासाठी एक पूर्ण थर खर्च करणे ही उधळपट्टी होती, हे मला मान्य आहे. ग्नोमचे फाइल्स किंवा कॅलेंडर उघडून पाहिले तर ही मांडणी किती नेटकी जमली आहे तेही दिसते. ज्यांना हेडरबार आवडत नाही त्यांनी निदान हे कबूल करावे की जुन्या टायटल बारची मधली जागा वर्षानुवर्षे रिकामी पडून होती आणि विंडो मॅनेजर लिहिणाऱ्यांनी तिचे काही केले नाही.

खरी अडचण एक्सची जागा घ्यायला आलेल्या वेलँडबरोबर आली. क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या आणि २०१२ मध्ये १.० ला पोचलेल्या या प्रोटोकॉलमध्ये सर्व्हर आणि विंडो मॅनेजर मिळून एकच कंपोझिटर झाला. चौकटीबद्दल मूळ प्रोटोकॉल काही बोलतच नाही. प्रोग्राम देईल ते चित्र म्हणजे पूर्ण विंडो, असे गृहीत आहे. पट्टी पकडून ओढली तर प्रोग्रामने कंपोझिटरला ‘मला हलव’ अशी विनंती करायची, कडेला पकडले तर ‘माझा आकार बदल’ अशी. केडीईचा विंडो मॅनेजर सांभाळणारे मार्टिन ग्रेसलिन यांनी याला उघड विरोध केला. केडीईने आपला वेगळा प्रोटोकॉल काढला आणि त्याच वाटेने २०१८ मध्ये एक्सडीजी-डेकोरेशन हा सामाईक विस्तार आला. चौकट कोणी काढायची हे प्रोग्राम आणि कंपोझिटर यांनी विचारून ठरवावे, एवढेच त्यात आहे. केडीई आणि स्वे तो पाळतात. ग्नोमचा कंपोझिटर मटर पाळत नाही. विस्तार ऐच्छिक असल्याने कागदावर कोणाचे काही चुकत नाही. पण ग्नोम हा उबंटू आणि फेडोरा यांचा मुख्य डेस्कटॉप आहे, आणि तो वगळून कोणाला प्रोग्राम देता येत नाही. म्हणून कंपोझिटरच्या बाजूने जे ऐच्छिक, ते प्रोग्रामच्या बाजूने सक्तीचे झाले. प्रत्येकाने आपली चौकट खिशात घेऊन फिरायचे, लागली तर लागली.

हा खर्च नेमका कोणावर पडतो ते पाहिले पाहिजे. ज्याला पट्टीत काही मांडायचे आहे त्याच्यावर तो पडत नाही. त्याने ती हौसेने काढलेली असते. पडतो तो टर्मिनलवर, व्हिडिओ प्लेअरवर, खेळांवर, त्रिमितीय चित्रांच्या साधनांवर. यांना पट्टीत ठेवायला काहीही नसते. त्यांना एक चौकोन हवा असतो आणि त्यात ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलायचे असते. त्यांच्यासाठी चौकट काढून देणारी लिबडेकॉर नावाची लायब्ररी निघाली आणि एसडीएल तिचा आधार घेते. क्यूटने स्वतःची साधी चौकट लिहिली, क्रोमियमने आणि फायरफॉक्सने आपापली. एकाच पडद्यावर चार प्रकारचे फुली-बटण दिसण्याचे कारण हे आहे. मराठी वापरणाऱ्याला याचा एक खास भुर्दंड आहे. पट्टीत फाइलचे नाव येते, आणि ते देवनागरीत असले तर प्रत्येक सांकेतिक क्रमांकाला एक आकृती असे करून चालत नाही. ‘शिर्डी’ मधली वेलांटी श च्या अलीकडे आली पाहिजे आणि रफार ड च्या डोक्यावर बसला पाहिजे. त्यासाठी हार्फबझसारखी अक्षरजोडणी करणारी यंत्रणा लागते. एक्सच्या सुरुवातीच्या विंडो मॅनेजरांकडे ती नव्हती. नंतरच्यांनी पँगो किंवा क्यूटच्या मदतीने ती घेतली आणि त्या एका दुरुस्तीत सगळ्या प्रोग्रामांची देवनागरी शीर्षके सुधारली, न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिलेल्या आणि देवनागरीचे नावही न ऐकलेल्या प्रोग्रामचीसुद्धा. आता चौकट प्रोग्रामकडे गेली की तीच दुरुस्ती दारोदार जाऊन करावी लागते. छोट्या लायब्ररीचा लेखक अवलंबने कमी ठेवण्यासाठी अक्षरे एकापुढे एक मांडणारा साधा कोड वापरतो. इंग्रजी शीर्षक त्यात उत्तम दिसते, मराठी मोडते, आणि तक्रार कोणाकडे करायची हे वापरणाऱ्याला उमगत नाही.

पण दिसण्यातली ही विसंगती या वादात उगाच पुढे केली जाते असे मला वाटते. चार प्रकारची फुली डोळ्यांना खुपते, काम अडत नाही. अडते ते पुढे, डेस्कटॉपला काही नवे करायचे असते तेव्हा. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. त्यात विंडो मोठी करण्याच्या बटणावर माउस थोडा वेळ ठेवला की पडद्याची वाटणी सुचवणारा छोटा तक्ता उघडतो. ज्या प्रोग्रामांनी सिस्टिमची पट्टी ठेवली होती त्यांना ही सोय काहीही न करता मिळाली. काही तर लेखकांनी केव्हाच सोडून दिलेले होते, त्यांनाही. ज्यांनी पट्टी आणि बटणे स्वतः काढली होती त्यांच्यात तक्ता उघडेना. माउसखाली आहे ते ‘मोठे करण्याचे बटण’ आहे, असे सिस्टिमच्या प्रश्नाला नेमके उत्तर द्यायला त्यांना नव्याने शिकवावे लागले आणि नवी आवृत्ती काढावी लागली. कीबोर्डवरून तोच तक्ता उघडता येतो, हे खरे. पण ज्याला तो शॉर्टकट ठाऊक आहे त्याला बटणावरच्या सोयीची फारशी गरजच नव्हती. याच्या उलट उदाहरण हायकूचे. बीओएसचा वारसा चालवणाऱ्या या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये विंडोचे पिवळे टॅब सर्व्हर काढतो. म्हणून तिच्यात दोन निरनिराळ्या प्रोग्रामांच्या विंडो एकमेकींवर रचून टॅबसारख्या वापरता येतात, किंवा कडेला कड चिकटवून एकत्र हलवता येतात. वर्ड प्रोसेसर आणि फाइलींची यादी एकाच गठ्ठ्यात, दोघांच्या लेखकांनी एकमेकांचे नाव न ऐकता. आज लिहिलेल्या प्रोग्रामला पाच वर्षांनंतरच्या डेस्कटॉपमध्ये काय सुचेल हे माहीत नसते. बटण डेस्कटॉपच्या हातात असले तर ते माहीत असण्याची गरजही राहत नाही. माझ्या लेखी या संपूर्ण वादात एवढा एक मुद्दा पुरेसा आहे.

यावर असे म्हणता येईल की सोय आधी ठरवून प्रोग्रामला सांगता येते. येते, आणि काही प्रमाणात सांगितलीही जाते. एप्रिल २०१० मध्ये उबंटू १०.०४ ने बटणे उजवीकडून डावीकडे नेली तेव्हा केवढा गदारोळ झाला. तांत्रिकदृष्ट्या ती फार स्वस्त घटना होती. मेटासिटी या विंडो मॅनेजरच्या एका सेटिंगमध्ये बटणांचा क्रम लिहिलेला असे. तो बदलला की सगळ्या विंडोंची बटणे हलत, आणि ज्याला राग आला त्याने तोच क्रम उलटा लिहून परत आणला. २०१७ च्या १७.१० मध्ये उबंटूने बटणे पुन्हा उजवीकडे नेली, तोवर हेडरबार आलेले होते. जीटीकेने बटणांचा क्रम सेटिंगमधून वाचण्याची सोय ठेवली असल्याने तिथे फार बिघडले नाही. याचे श्रेय जीटीकेला दिलेच पाहिजे. मात्र सांगता येते ते तेवढेच, जे दोन्ही बाजूंनी आधी कल्पिलेले असते. विंडो कायम वर ठेवण्याचे बटण, सगळ्या डेस्कटॉपांवर दाखवण्याचे बटण, हात थरथरणाऱ्या माणसाला पकडता येईल अशी रुंद किनार, या गोष्टी केडीईत सेटिंगमधून मिळतात आणि हेडरबारवाल्या विंडोत मिळत नाहीत, कारण त्यांच्यासाठी कोणी निरोप ठरवलेला नाही. टायलिंग वातावरणात विंडो खाली ठेवणे ही कल्पनाच नसते, तरी प्रोग्राम ते बटण काढत राहिले. दाबले तर काही होत नसे. शेवटी २०२२ मध्ये वेलँडच्या एक्सडीजी-शेलमध्ये एक नवा संदेश घालावा लागला. विंडो खाली ठेवणे, मोठी करणे, पूर्ण पडदाभर पसरणे यांतले काय शक्य आहे ते कंपोझिटर त्यातून प्रोग्रामला कळवतो. विंडो मॅनेजरला जे पहिल्या दिवसापासून माहीत होते ते प्रोग्रामला कळवण्यासाठी केवढा हा वळसा! असे निरोप वाढतच जाणार, आणि प्रत्येक निरोपामागे जुने प्रोग्राम मागे राहणार.

मालकीचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो ते क्यूब्समध्ये दिसते. सुरक्षेसाठी बनवलेल्या या सिस्टिमची पहिली पक्की आवृत्ती २०१२ मध्ये आली. बँकेचे काम एका आभासी यंत्रात, ऑफिसचे दुसऱ्यात, भटकंतीचे ब्राउझिंग तिसऱ्यात, आणि सगळ्यांच्या विंडो एकाच पडद्यावर. कोणती विंडो कुठली हे ओळखायचे तिच्या रंगीत किनारीवरून. ही किनार मुख्य यंत्रातला विंडो मॅनेजर काढतो. आतला प्रोग्राम स्वतःच्या विंडोत काहीही रंगवू शकतो, किनारीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. लाल यंत्रातल्या विंडोला आपण हिरवे आहोत असे भासवता येत नाही, यावर सगळी इमारत उभी आहे. सामान्य डेस्कटॉपवर एवढी कडक गरज नसते, हा आक्षेप योग्य. पण वेब पानाच्या आत ब्राउझरची खोटी विंडो, खोटी पट्टी आणि खोटा पत्ता रंगवून पासवर्ड काढून घेण्याची युक्ती आता सर्वांना ठाऊक आहे. ती चालते कारण पट्टी म्हणजे काहीही असू शकते याची डोळ्यांना सवय झाली आहे. विंडो कोणाची आहे हे सांगणारी खूण त्या विंडोच्याच लेखकाने काढावी, यात मूळचाच एक दोष आहे.

आता उलट बाजूचे उरलेले मुद्दे. प्रोग्राम लटकला तर त्याने काढलेली फुलीही लटकते, हा विंडो मॅनेजरच्या पक्षाचा आवडता मुद्दा, आणि तो जेवढा जोरात मांडतात तेवढा खरा नाही. कारण फुली कोणीही काढलेली असो, शेवटी जातो तो निरोपच आणि तो ऐकणारा लटकलेला असतो. दोन्ही पद्धतींत कंपोझिटर मधूनमधून हाक मारून पाहतो आणि ओ आली नाही तर जबरदस्तीने बंद करायचे का असे विचारतो. फरक पडतो हलवण्यात आणि बाजूला ठेवण्यात. लटकलेली विंडो मॅनेजरच्या पट्टीला धरून सरकवता येते. स्वतःच्या पट्टीवाली सरकत नाही, ती सरकवायची तर कीबोर्डची कळ दाबून ओढण्याची युक्ती माहीत असावी लागते. दुसरा मुद्दा जागेचा. विंडो पूर्ण पडदाभर पसरली की पट्टी गायब करण्याची सोय केडीईत आहे, आणि उबंटूच्या युनिटीत अशा वेळी पट्टी वरच्या पॅनेलमध्ये मिसळून जात असे. उंची वाचवायला बटणे प्रोग्रामच्या ताब्यात द्यावीच लागतात असे नाही. तिसरा मुद्दा एकजिनसीपणाचा. एक्समध्ये चौकट एक प्रोग्राम काढी आणि आतला भाग दुसरा, त्यामुळे आकार बदलताना दोघांची चुकामूक होऊन कडेला काळे पट्टे दिसत. ही तक्रार रास्त होती. वेलँडमध्ये नव्या आकाराचे चित्र तयार झाल्याचे प्रोग्रामने कळवेपर्यंत कंपोझिटर थांबू शकतो, तेव्हा चौकट आणि आतला भाग एकाच वेळी बदलता येतात. म्हणजे जे दुखणे दाखवून चौकट प्रोग्रामकडे नेली, त्याचे औषध त्याच प्रोटोकॉलमध्ये होते. आणि कंपोझिटरवर चौकटीचा भार टाकू नये, या चौथ्या मुद्द्याला ग्नोमनेच उत्तर दिले आहे. एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम वेलँडवर चालवताना त्यांना चौकट लागतेच, आणि मटर ती जीटीके ४ वापरणाऱ्या एका वेगळ्या छोट्या प्रक्रियेकडून काढून घेतो. ती प्रक्रिया कोसळली तरी कंपोझिटर उभा राहतो. जुन्यांसाठी जमले ते नव्यांसाठी जमणार नाही असे म्हणायला तांत्रिक कारण मला दिसत नाही. ती भूमिका आहे, आणि भूमिका म्हणून तिचा आदर करता येतो.

भूमिकेमागची भावना समजण्यासारखी आहे. प्रोग्राम हे आपले काम आहे, ते आपण ठरवले तसे दिसावे असे लेखकाला वाटते. २०१९ मध्ये ग्नोमसाठी ॲप लिहिणाऱ्यांनी वितरकांना उद्देशून खुले पत्र काढले होते की आमच्या ॲपवर तुमच्या थीम लादू नका, त्यात बटणे दिसेनाशी होतात आणि तक्रारी आमच्याकडे येतात. आतल्या भागापुरते ते पत्र मला पटते. पण चौकटीवर तोच हक्क सांगितला की समोरचेही आपला हक्क सांगतात. लिनक्स मिंट या वितरणाने २०१६ च्या १८ या आवृत्तीत एक्स-ॲप्स आणले: मजकूर लिहिण्याचे, चित्रे पाहण्याचे, कागदपत्रे वाचण्याचे ग्नोमचे किंवा ग्नोमपासून फुटलेले प्रोग्राम घेऊन, त्यांत टायटल बार आणि मेनू राखून, वेगळ्या नावाने. एका पट्टीपायी एवढे प्रोग्राम दोन-दोन जागी सांभाळले जाऊ लागले. एक्सएफसीई या डेस्कटॉपने २०२० च्या ४.१६ मध्ये आपल्या सेटिंगच्या खिडक्यांना हेडरबार लावले तेव्हा जुन्या वापरणाऱ्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला. जीटीके३-नोसीएसडी नावाचे एक साधन तर असे आहे की ते चालू प्रोग्रामात स्वतःची लायब्ररी घुसवून हेडरबारची हौस मोडून काढते. प्रोग्रामच्या कामात अशी घुसखोरी करून मिळवायची गोष्ट साध्या सेटिंगमध्ये असायला हवी होती, असे कोणालाही वाटेल. फायरफॉक्समध्ये ती आहे: टूलबार सजवण्याच्या पानावर टायटल बार हा पर्याय निवडला की त्याची स्वतःची पट्टी जाते आणि सिस्टिमची येते. क्रोमच्या लिनक्स आवृत्तीतही तशीच सोय आहे. दोन सर्वांत मोठ्या प्रोग्रामांना दोन्ही पद्धती सांभाळणे जमते, याची नोंद घ्यावी.

वाटणी कशी करावी याचे नमुने लिनक्सबाहेर तयार झाले आहेत आणि ते एकमेकांशी विलक्षण जुळतात. मॅकने २०१४ च्या योसेमिटीपासून प्रोग्रामला पट्टीखालच्या जागेत चित्र पसरू दिले. तांबडा-पिवळा-हिरवा हे तीन ठिपके मात्र सिस्टिमचेच राहिले. वेब ॲपसाठी क्रोम आणि एजमध्ये २०२२ पासून अशीच व्यवस्था आहे. पट्टीची उरलेली जागा पानाला मिळते, बटणांनी किती जागा अडवली आहे ती मापे पानाला कळवली जातात, आणि बटणे ब्राउझर काढतो. अँड्रॉइडवर विंडोंची सोय वाढली तेव्हा गूगलनेही मथळ्याची पट्टी पारदर्शक करून ॲपला दिली, बटणे सिस्टिमकडे ठेवली. तीन निरनिराळ्या प्रणाली, तीन निरनिराळ्या गरजा, आणि तिन्ही पोचल्या एकाच ठिकाणी. फ्लॅट आपल्या मनासारखा रंगवावा, पण इमारतीचा जिना सोसायटीचा, तसे. वेलँडमध्ये आज दोनच पर्याय आहेत: चौकट सगळी तुझी किंवा सगळी माझी. हेडरबार हवा असलेल्याला पहिला घ्यावा लागतो आणि त्याबरोबर नको असलेली बटणेही गळ्यात पडतात. ‘पट्टी माझी, कोपऱ्यातली एवढी पेटी तुझी’ असा तिसरा पर्याय प्रोटोकॉलमध्ये आला तर ग्नोमच्या मांडणीला धक्का न लावता केडीईवाल्याला त्याची कायम-वर-ठेवा खूण मिळेल आणि टायलिंगवाल्याला पेटी रिकामी ठेवता येईल.

यात कठीण भाग उरतो तो बटणांचा नाही, मधल्या मोकळ्या जागेचा. पट्टी प्रोग्रामची झाली की तिच्यातला कुठला भाग पकडून विंडो ओढायची आणि कुठला भाग म्हणजे प्रोग्रामचे बटण, हे प्रोग्रामशिवाय कोणालाच सांगता येत नाही. वेब ॲपमध्ये ते पानाच्या स्टाइलशीटमध्ये लिहावे लागते. मोकळ्या जागेवर दोनदा टिचकी मारली तर विंडो मोठी व्हावी की गुंडाळली जावी, मधल्या बटणाने मारली तर ती इतरांच्या खाली जावी का, ही वापरणाऱ्याची निवड असते आणि ती आज जीटीके आपल्या परीने सेटिंगमधून वाचते. प्रोग्रामने ओढता येण्याजोगे भाग कंपोझिटरला आधीच आखून द्यावेत आणि तिथल्या टिचक्या प्रोग्रामकडे येऊच नयेत, असे करता येईल. इनपुट कुठे घ्यायचे ते क्षेत्र प्रोग्रामने आखून देण्याची सोय वेलँडमध्ये आहेच, त्याच धर्तीवर आणखी एक क्षेत्र. पण मग टॅबच्या रांगेत नवा टॅब उघडला, एखादा मिटला, शोधपट्टी रुंद झाली की प्रत्येक वेळी ते क्षेत्र नव्याने कळवावे लागेल, आणि ते कळवणे चित्राच्या बदलाबरोबरच पोचले पाहिजे. नाहीतर टॅब धरायला जावे आणि सगळी विंडो हातात यावी.